मालधक्क्यामागची जागा

जठारपेठेतून अकोला स्टेशनपर्यंत सायकलचा रस्ता आणि शेवटी सायकल स्टँड, असा आराखडा रश्मीने रेल्वेचं काम घेतलेल्या एका खासगी कार्यालयासाठी केला होता. स्टँडला तिने मालधक्क्यामागची मोकळी जागा धरली. तिथे कडुलिंबाची सावली होती. नकाशा घेऊन ती खुर्शीदबींकडे गेली; त्या रोज सायकलने स्टेशन गाठायच्या. तिथून गाडीने मूर्तिजापूरला जाऊन त्या शिवण शिकवायच्या.

"चित्र झकास हाय," खुर्शीदबी म्हणाल्या. "पण तिथं सायकल ठेवली तर माही गाडी सुटून जाईन."

"कावून? जागा तर जवळच आहे, आपा."

"उद्या सात वाजता ये. तुह्याच रस्त्यानं जाऊ."

सकाळी रश्मी हळूच म्हणाली, "मले सायकल येत नाही."

खुर्शीदबी पोट धरून हसल्या. "अन् रस्ता काढून रायली! बस मागं. हा डबा धर."

कॅरिअरवर रश्मीला प्रत्येक खड्डा कळला. मालधक्क्यामागे सायकल लावून दोघी निघाल्या. भिंतीला वळसा, मग रिक्षांची गर्दी, मग जिना. त्या फलाटावर पोचल्या तेव्हा गाडीचा शेवटचा डबा दूर चालला होता.

रश्मीचा चेहरा पडला. "माझ्यामुळे तुमचा खाडा झाला."

"खाडा कायचा? तासाभरानं दुसरी हाय." खुर्शीदबींनी शिवण केंद्रावर फोन लावला, "मले आज उशीर होईन. नकाशा तपासून रायलो," आणि पोहे मागवले.

बाकावर नकाशा पसरला तशी आणखी माणसं जमली. अब्दुल रहीम सायकल दुरुस्त करायचे. त्यांनी तिकीट खिडकीशेजारच्या पडीक शेडवर बोट ठेवलं. "इथून फलाट पन्नास पावलं." गाडीची वाट पाहणारे भातकुलीकडचे उत्तमराव म्हणाले, "शेडपुढच्या पायऱ्यांच्या कडेनं उतार करा, म्हणजे सायकल आत ढकलता येईन." रश्मीने मालधक्का खोडून टाकला.

कार्यालयातले साहेब आधी कुरकुरले. मग तिने त्यांना घड्याळ लावून दोन्ही वाटांनी चालवलं, तेव्हा घाम पुसत त्यांनी सही केली.

पाच महिन्यांनी शेड उघडली. पहिल्याच सकाळी आठच्या आत ती भरली आणि साहेबांनी दुसरी रांग आखायला सांगितलं. रश्मी खुशीत सायकली मोजत होती. तेवढ्यात खुर्शीदबी म्हणाल्या, "इकडचं झालं. मूर्तिजापूरले उतरल्यावर मी दीड किलोमीटर पायी जातो, त्याचं काय?"

गाडी लागलीच होती. रश्मी धावत जाऊन तिकीट घेऊन आली आणि त्यांच्या शेजारी खिडकीत बसली.