पाकिटातलं तळं

माझी मैत्रीण तळ्यावर पाण्याची पातळी मोजते. तासन्‌तास एका जागी उभी राहते म्हणून आम्ही तिला बगळी म्हणतो. मी दवाखान्याच्या तळघरात एक्स-रे काढते. माझ्या खोलीला खिडकी नाही, आणि असती तरी मी बाहेर डोकावले असते अशातला भाग नाही.

बगळीनं वर्षभर तळ्यावर जे पाहिलं ते लिहून काढलं आणि चाळीस सुटी पानं माझ्या हातात ठेवली. "तुझ्यासाठी लिहिलंय. दुसरी प्रत नाही हं." पानं दमट होती. सरळ व्हावीत म्हणून मी ती एक्स-रेच्या कोऱ्या पाकिटात घातली, वर फिल्मचे खोके ठेवले आणि चक्क विसरले. दीड महिना! तिनं दोनदा विचारलं, "वाचलंस?" दोन्हीदा मी "छान आहे गं" म्हणून वेळ मारून नेली.

मग एके सकाळी पाकीट जागेवर नव्हतं. कपाटं पालथी घातली, झाडणाऱ्या मावशींवर उगाच खेकसले. तिचं एक अख्खं वर्ष मी हरवलं होतं, तेही न वाचता.

चौथ्या दिवशी मनगट झोळीत घेतलेला एक सुतार आला.

"ताई, मोठे डॉक्टर म्हणाले, यात हाड कुठंय? यात तर पाणकोंबडी आहे."

गडबडीत मीच त्या पाकिटावर त्याचं नाव घालून ते त्याच्या हातात दिलं होतं. मी झडपच घातली, पण तो सोडेना.

"थांबा की! वडील अंथरुणाला खिळलेत, त्यांना रोज वाचून दाखवतो. सहा पानं राहिलीत. पाणकोंबडीचं चौथं अंडं फुटलं का, हे कळल्याशिवाय म्हातारा मला घरात घेणार नाही."

"मग आणलंत कशाला?"

"माझं हाड न्यायला!"

त्याची फिल्म त्याला दिली, पानांची झेरॉक्सही दिली. मग दाराला कडी लावून वाचायला बसले. बाहेर पेशंट कुरकुरत होते, कुरकुरू देत. 'मोजपट्टीवर खंड्या बसला होता. तो उठेपर्यंत नोंद घेतली नाही. दहा मिनिटं उशीर झाला. पाणी कुठं पळून जात नव्हतं.' पुढे, 'पाणी चार बोटं चढलं. पाणकोंबडीचं तरंगतं घरटंही चढलं. मी उगाच काळजी करत बसले.' आणि शेवटच्या पानावर, 'तिला सांगायचं म्हणून मी जास्त नीट बघायला लागले.' ती म्हणजे मी.

संध्याकाळी तळ्यावर गेले आणि तिला सगळं सांगितलं. दीड महिन्याचं खोटं, पाकीट, सुतार, म्हातारा.

"तू वर्षभर माझ्यासाठी बघत होतीस," मी म्हणाले. "माझ्यासाठी असं कुणी कधी काही केलं नाही. थँक्यू, बगळे. फार उशीर केला मी."

ती पाण्याकडेच बघत होती. "वाचलं नाहीस ते मला ठाऊक होतं. वाचलं असतंस तर चौथं अंडं फुटलं का ते लिहिलं नाही म्हणून माझ्याशी भांडायला आली असतीस."

"मग बोलली का नाहीस?"

तिनं पिशवीतून वही काढली. निम्मी भरली होती.

"यंदाचं," ती म्हणाली.

"हे कुणासाठी?"

"आणखी कुणासाठी, वेडे?"