बंद काचांच्या गाडीत

त्या दिवशी आमच्या गाडीत चार जिती माणसं होती आणि एक मेलेलं. बोलायची मुभा होती ती फक्त मेलेल्या माणसाशी, आणि तीसुद्धा एकट्या बाबांना.

बाबा म्हणजे माझे सासरे. पुढच्या सीटवर ताठ बसलेले, अंगात लग्नाकार्याचा कोट, मांडीवर काटेरी बोरीची हिरवी फांदी. आमच्याकडे कुणी घरापासून लांब, दवाखान्यात वगैरे गेलं, तर मयत आणून पुरलं म्हणजे ते घरी आलं असं होत नाही. शरीर येतं, माणूस तिथंच पलंगापाशी घुटमळत राहतं. मग घरच्या कर्त्याने फांदी घेऊन जायचं, त्याला हाक मारायची आणि फांदीवर बसवून आणायचं. वाटेत नदी आली, फाटा आला, की त्याला सांगायचं, आता इकडे वळतोय बरं का. बाकीच्यांनी तोंड शिवून बसायचं. कुणी मध्येच बोललं तर गेलेलं माणूस गोंधळतं, वाट चुकतं, कायमचं रस्त्यावर राहतं. हे मी थट्टेने सांगत नाहीये. माझा या सगळ्यावर विश्वास आहे, तेव्हाही होता, म्हणून तर पुढचं इतकं जड गेलं.

आणायचं होतं माझ्या सासूबाईंना. महिन्यापूर्वी डर्बनच्या दवाखान्यात छातीच्या दुखण्याने गेल्या. घर म्सिंगाला, थुकेला नदीच्या पलीकडे. गाडी चालवत होता माझा नवरा म्लुंगिसी. मागे मी, माझी सहा वर्षांची आनेले, आणि पलीकडच्या खिडकीशी आईंची जागा. तिथं त्यांची शाल घडी करून ठेवली होती आणि वरून सीटचा पट्टा लावला होता. पट्टा म्लुंगिसीने लावला, आठवणीने. आईच्या शालीची एवढी काळजी घेणारा हा माणूस, पोरीच्या छातीचा विचार मात्र त्याच्या डोक्याला शिवला नाही.

आनेलेला दमा आहे. तंबाखूचा धूर नाकात गेला की तिच्या गळ्यात शिट्टी वाजायला लागते. म्हणून तिला न्यायला नको असं मी आधीच म्लुंगिसीला सांगितलं होतं. म्लुंगिसीलाच सांगावं लागतं, कारण सुनेने सासऱ्यांशी थेट वाद घालायचा नसतो. त्यांचं नाव तर सोडाच, त्या नावासारखा ऐकू येणारा शब्दसुद्धा मी लग्नापासून उच्चारलेला नाही. म्लुंगिसीने निरोप पोचवला. उत्तर आलं की नातीशिवाय माझुंगू तिथून हलायची नाही. माझुंगू हे आईंच्या माहेरचं नाव, बाबा त्यांना त्याच नावाने हाक मारायचे. आणि ते म्हणाले ते खरंच होतं. आईंनीच या पोरीला पाठीला बांधून वाढवलं होतं. बरं, मग बाबांच्या पाइपचं काय, मी विचारलं. म्लुंगिसी म्हणाला, एक दिवस नाही ओढणार ते. विचारलंस का त्यांना? तर म्हणे, असं कुणी वडलांना विचारतं का. धन्य तो मुलगा.

दवाखान्यात आईंच्या पलंगावर दुसरीच बाई झोपली होती. तिने फांदी पाहिली आणि काही न विचारता पाय आखडून घेतले. बाबांनी फांदी उशीला टेकवली. म्हणाले, "माझुंगू, चल. घरी जाऊ. पोरगी पण आलीय." त्यांचा आवाज फाटला. याच पलंगाशी बसून आईंनी मला शेवटची एक गोष्ट सांगितली होती आणि पोटात ठेव म्हणाल्या होत्या. ती मी ठेवली होती.

गाडी शहराबाहेर पडली, समुद्र मागे राहिला, बाबांनी तसं आईंना सांगितलं. मग त्यांनी काचा वर करायची खूण केली. वाऱ्याने फांदीची पानं झडायला नकोत. काचा बंद झाल्या आणि त्यांनी कोटाच्या खिशातून पाइप काढला.

रागावू तरी कशी? मला कळत होतं ते असं का करताहेत. रोज संध्याकाळी आई तो पाइप आपल्या हाताने भरून द्यायच्या, शेजारी चटईवर बसायच्या, आणि दोघं अंधार पडेपर्यंत गुरांच्या गोष्टी करायचे. त्या वासामागे माझुंगू बरोबर येईल, असं त्या म्हाताऱ्याला वाटत होतं. त्यांनी काडी ओढली, गाल आत घेतले, आणि निळा धूर आधी फांदीवर सोडला. मग तो मागे आला.

मी आनेलेच्या नाकावर माझा रुमाल धरला. आरशात म्लुंगिसीकडे पाहिलं. त्याने पाहिलं आणि डोळे रस्त्यावर नेले. मी खोकले. बाबांनी मान वळवली नाही. पीटरमारित्झबर्ग येईपर्यंत पोरीच्या गळ्यातली शिट्टी सुरू झाली होती. मी पिशवीतला पंप काढला, तिला औषधाचा फवारा दिला. जरा बरं वाटलं. पण औषध काय करणार बापडं, वरून पुन्हा धूर येतच होता.

मला राहून राहून तो रविवार आठवत होता. आई धडधाकट होत्या तेव्हाचा. जेवताना रेडिओवर कायद्याची चर्चा चालली होती, गाडीत बारा वर्षांच्या आतलं मूल असेल तर ओढायला बंदी आहे आणि ती पाळतं कोण, वगैरे. बाबा भडकले होते. म्हणाले, उद्या सरकार माझ्या ताटात हात घालेल, माझ्या अंथरुणात झोपायला येईल. गाडी माझ्या मुलाची, नात माझी, तंबाखू माझी, यात सरकार कुठून आलं? म्लुंगिसी हसला होता. मीही खाली मान घालून हसले होते. आई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या गप्पच बसल्या आणि जरा वेळाने पाइप भरायला उठल्या.

आता गाडीत बसून मी त्याच सरकारची वाट पाहत होते.

ग्रेटाउनच्या अलीकडे ते भेटलं. रस्त्यावर शंकू मांडलेले, निळे दिवे, प्रत्येक गाडी थांबवत होते. माझा जीव भांड्यात पडला. आनेलेचे खांदे एव्हाना श्वासागणिक वर जात होते, गळ्याखाली खळगा पडत होता. मनात म्हटलं, कायदा बोलेल. कायद्याला सासरा नसतो.

खिडकीशी वाहतूक पोलीस आली ती माझ्याच वयाची बाई होती. म्लुंगिसीने काच खाली केली तसा सगळा धूर तिच्या तोंडावर गेला. तिने हाताने धूर बाजूला सारला, पाइप पाहिला, वाकून मागे पाहिलं, पोरीला पाहिलं. तिचं तोंड उघडलं. आणि मग तिला बाबांच्या मांडीवरची फांदी दिसली.

ती जागच्या जागी थांबली. डोक्यावरची टोपी काढून तिने छातीशी धरली. मी तिच्याकडे पाहत राहिले, मग डोळ्यांनीच आनेलेकडे दाखवलं, पुन्हा तिच्याकडे. तिला कळलं. कळलं हे मला दिसलं. पण तिने नजर जमिनीला लावली, दोन पावलं मागे सरली आणि हाताने वाट दिली. तीही कुणाची तरी सून असणार. तिच्या सहकाऱ्यांनी शंकू बाजूला केले आणि माझा कायदा टोपी हातात धरून मागे राहिला.

म्लुंगिसीने काच वर केली. बाबांनी पाइप पुन्हा पेटवला.

ग्रेटाउननंतर रस्ता वळणं घेत खोऱ्यात उतरायला लागतो. आनेलेने माझी बाही पकडली. ती रडत नव्हती, रडायला श्वास लागतो. ओठांची कड काळसर व्हायला लागली होती. पंपाचा फवारा पुन्हा दिला, तो तिला आत ओढताच येईना. मी म्लुंगिसीच्या खांद्यावर थाप मारली, पोरीकडे बोट दाखवलं. त्याने बाबांकडे पाहिलं. त्याची बोटं काचेच्या बटणापर्यंत गेली. बाबांनी फांदीवर हात आडवा धरला, आणि हा पठ्ठ्या बोटं उचलून पुन्हा चाक धरून बसला. त्याच्या कपाळावर भर हिवाळ्यात घाम होता. नवरा म्हणून मला त्याची कीव आली आणि बाप म्हणून त्याचा गळा आवळावासा वाटला.

एका बाजूला माझी पोर, दुसऱ्या बाजूला आईंची शाल. बोलले तर आई वाटेत हरवणार, ज्यांनी मला पोटच्या पोरीसारखं जपलं त्या. नाही बोलले तर ही. मी शालीकडे पाहिलं, आणि मला सुचलं ते इतकं सोपं होतं की आधी का सुचलं नाही याचाच राग आला. बाबांशी बोलायचं नव्हतं. म्लुंगिसीशी बोलायचं नव्हतं. पण ज्यांना आणतोय त्यांच्याशीच बोललं तर त्या गोंधळतील कशाला? ठीक.

"आई," मी शालीला म्हटलं.

गाडी जराशी वाकडी गेली. बाबांच्या मानेची शीर ताठ झाली.

"आई, मी बोलतेय, तुमची सून. तुम्ही वाट चुकू नका, इथंच बसा, आणि ऐका. तुमची नात घुसमटतेय. तुम्ही घुसमटलात तशीच. डॉक्टरांनी तुम्हाला विचारलं होतं, किती वर्षं ओढता म्हणून. तुम्ही हसलात. म्हणालात, मी पाइप कधी तोंडाला लावला नाही, मी नुसता भरून द्यायचे आणि शेजारी बसायचे. आणि मला म्हणालात, त्यांना सांगू नकोस, त्यांना सहन व्हायचं नाही. मी नाही सांगितलं, आई. आताही त्यांना सांगत नाहीये. तुम्हाला सांगतेय. मी तुमच्यासारखी शेजारी गप्प बसणार नाही."

एवढं बोलून मी आनेलेला जवळ ओढलं. आता हे गाडी थांबवतील, मला रस्त्यावर उतरवतील, माहेरी धाडतील, काय वाटेल ते करतील, असं वाटलं. गाडीत फक्त आनेलेच्या गळ्याचा आवाज होता.

बाबांनी पाइप तोंडातून काढला. पेटता निखारा त्यांनी अंगठ्याने दाबला, तिथंच, नुसत्या अंगठ्याने, आणि कातडं भाजल्याचा वास आला तरी काढला नाही.

"माझुंगू," ते म्हणाले. "मला का नाही गं सांगितलंस?"

खाली नदी दिसायला लागली होती, पूल, पलीकडे आमचे डोंगर.

"माझुंगू, थुकेला आली. पूल ओलांडतोय. मी काच उघडतोय. वारा आहे. घट्ट धरून बस."

आणि त्यांनी काच उघडली, पूर्ण खाली. म्लुंगिसीने त्याच क्षणी बाकीच्या तिन्ही खाली केल्या, जणू हुकमाचीच वाट पाहत होता. नदीवरचा गार वारा धाडकन आत शिरला. बाबा फांदीवर ओणवे झाले, दोन्ही तळहातांनी तिला झाकू लागले, पण बोटांच्या फटींतून पानं निसटत होती, कुणाच्या केसांत, कुणाच्या मांडीवर, बरीचशी बाहेर. मी आनेलेचं तोंड खिडकीकडे केलं. पूल संपला तेव्हा तिला फवारा आत ओढता आला. दुसऱ्यांदा ओढला तेव्हा तिला रडू फुटलं, आणि मी इतकं गोड रडणं जन्मात ऐकलं नव्हतं.

घरापर्यंत काचा उघड्याच राहिल्या.

फाटकाशी सगळं गणगोत उभं होतं. बाबांचे थोरले भाऊ काठी टेकत पुढे आले आणि फांदी पाहून त्यांचा चेहरा उतरला. काटे तेवढे शाबूत, पानं जेमतेम चार. हे काय, त्यांनी विचारलं, अशी कशी आणलीस तिला? फाटकाशी पोचल्यावर बाबांना बोलायला हरकत नव्हती. मी पोरीला कडेवर घेऊन मागे उभी होते, आता माझं नाव निघणार म्हणून.

"वाटेत काच उघडली," बाबा म्हणाले. "तिला श्वास घ्यायचा होता."

मग ते फांदी छातीशी धरून तिला आत घेऊन गेले.