पित्ताची चव

चीनमधल्या आमच्या शाओशिंगच्या शाळेत भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'काटक्यांवर नीज, पित्त चाख.' मास्तर सांगतात, म्हणजे कष्ट करा, परीक्षेत पास व्हा. डोंबल! फार पूर्वी आमच्या इथल्या युए राज्याचा राजा लढाई हरला आणि शेजारच्या वू राज्याच्या राजाकडे कैदेत पडला. वूनं दया करून त्याला सोडला. तो घरी आला, काटक्यांवर निजला आणि अपमान विसरू नये म्हणून टांगलेली पित्ताची पिशवी रोज चाटत राहिला. वीस वर्षांनी त्यानं वूचं राज्य बुडवलं. गोष्ट सुडाची आहे, अभ्यासाची नाही.

आमच्या दाराला डुकराच्या पित्ताची पिशवी टांगलेली असे. टांगणारी मी, बाबा नव्हेत. बाबा तांदळाच्या दारूचे उस्ताद. रांजणाला कान लावून, आतली फसफस ऐकून ते ढवळायची वेळ सांगत. त्यांच्या भट्टीचा मालक रुआन यानं स्वस्तातलं बुरसटलेलं खमीर आणलं, चाळीस रांजण आंबट होऊन नासले आणि भर बाजारात त्यानं बाबांवर खापर फोडलं. तेव्हापासून गाव त्यांना 'आंबट मेंग' म्हणू लागलं. त्यांना कुणी काम दिलं नाही. मी अकरा वर्षं रोज पित्त चाटलं.

यंदाच्या थंडीत रुआन आमच्या दारात आला. त्याचा नवा उस्ताद आजारी पडला होता.

"मेंगउस्ताद, साठ रांजण तापलेत. तासाभरात ढवळले नाहीत तर सगळं जाईल. हात जोडतो."

बाबा ताडकन उठले आणि ढवळायचा दांडा शोधू लागले. मी दारात आडवी उभी राहिले.

"मालक, आधी गावासमोर बोला. ते चाळीस रांजण कुणी नासवले?"

"बोलतो गं बाई, पण नंतर!"

"आत्ता."

गल्लीत माणसं जमली. रुआन पुटपुटला, "मी... खमीर माझं होतं."

"ऐकू आलं नाही. पहिल्यापासून सांगा. किती पैसे वाचवलेत? कुणाकडून घेतलंत? बाबांच्या तोंडावर कसे थुंकलात?"

"पोरी, पुरे," बाबा म्हणाले. "वेळ चाललाय."

"जाऊ दे. वूच्या राजानं दया केली, म्हणून त्याचं राज्य गेलं."

रुआननं सगळं सांगितलं. मी तीनदा सांगायला लावलं. तो रडला. मला इतकं गोड कधीच काही लागलं नव्हतं. मग मी बाजूला झाले.

बाबा धावत त्याच्या कोठारात गेले आणि पहिल्या रांजणाला कान लावला. दुसऱ्याला लावला. तिसऱ्यापाशी ते खालीच बसले. आंबूस वास दारापर्यंत येत होता.

"झालं ना मनासारखं?" मी विचारलं. "सगळ्या गावानं ऐकलं, तुमचा दोष नव्हता."

बाबांनी रुआनकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"तेव्हा मी एक थेंबही नासवला नव्हता," ते म्हणाले. "आज माझ्या घरानं साठ रांजण नासवले."

त्या दिवसापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. तरी मला पस्तावा नाही. रुआनची भट्टी बंद पडली.