चपलांचे सात जोड

म्हाताऱ्यांना कारण विचारलं की त्यांना अपमान वाटतो. मी इंजिनिअरिंग अर्ध्यावर सोडलं तेव्हा बाप सहा महिने बोलला नाही, पण का सोडलंस हे त्याने एकदाही विचारलं नाही. आणि दादर चौपाटीवर जीवरक्षक म्हणून लागलो तर तिथला सर्वांत जुना लवूकाका तसलाच, नियम सांगायचा आणि कारण गिळून टाकायचा.

त्याचा नियम साधा होता. पाण्यात जाणारे कोरड्या वाळूवर चपला काढतात. आधी ते जोड मोजायचे, मग पाण्यातली डोकी. एक डोकं कमी भरलं, की उडी.

"आणि जास्त भरलं तर?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"तर गप बसायचं. शिट्टी मारायची नाय. ते आपसूक जातं."

"आणि मारली तर?"

"कॉलेजातनं असाच हाकलला काय रे तुला?" एवढं बोलून तो तंबाखू मळायला लागला. मला कुणी हाकललं नव्हतं.

मे महिन्यातली दुपार होती ती, दोन वाजलेले. वारा साफ पडला होता, आभाळ पांढुरकं, आणि वाळू इतकी तापलेली की चौपाटीवरची कुत्रीसुद्धा सावली सोडत नव्हती. फोनवरच्या अंदाजात लाटा अर्धा मीटर, समुद्र शांत. तरी मला तो आवडत नव्हता, कारण दर पंधरा-सोळा सेकंदांनी एकच लाट येत होती, लांबलचक, बिनफेसाची, आणि काठाला येऊन आवाज न करता मोडत होती.

त्याच दुपारी माझी धाकटी बहीण प्रिती बापाला न सांगता आली. नायगावची चाळ पाडल्यापासून आम्हाला जी खोली दिलीय तिच्यात उन्हाळ्यात श्वास घेता येत नाही.

"दादा, कमरेपर्यंतच जाते. तू आहेस ना?"

"आहे. पुढे गेलीस तर कानाखाली."

"पप्पांसारखा बोलू नकोस हां," ती हसली, निळ्या चपला काढल्या, केसांना पिवळं रबर बांधलं आणि पाण्याकडे पळाली.

मी जोड मोजले. सात. डोकी मोजली. आठ.

पुन्हा मोजली, आठच. आठवं डोकं प्रितीच्या मागे हातभरावर होतं, पाठमोरं. लाट आली की सातही जण तिच्यासोबत उचलले जायचे. ते मात्र जागच्या जागी राहायचं आणि पाणी त्याच्यावरून जायचं. दर लाटेनंतर ते तिच्या थोडं जवळ दिसायचं. नियम मला आठवत होता, पण पाण्यात माझी बहीण होती, आणि ज्याचं कारण सांगायची कुणाची हिंमत नाही तो नियम मी का पाळायचा?

मी शिट्टी मारली.

लोक बाहेर आले, चटके बसून उड्या मारत, शिव्या घालत, आपापल्या चपलांपर्यंत. सहा जण. सर्वांत मागून प्रिती आली, सावकाश चालत. त्या वाळूवर ती माझ्यासमोर अनवाणी उभी राहिली आणि तिने एकदाही पाय उचलला नाही.

"चल ना दादा, घरी," ती म्हणाली.

तिच्या खांद्यावरून मला समुद्र दिसत होता. पोहण्याची हद्द दाखवणाऱ्या दोरीच्या बऱ्याच पलीकडे एक डोकं होतं, पिवळं रबर बांधलेलं. आता ते लाटेबरोबर वर येत होतं, खाली जात होतं, आणि वर आलं की तोंड उघडत होतं.

मी बचावाची ट्यूब उचलली तोच लवूकाकाने मागून मनगट धरलं. तो कधी आला ते कळलंच नाही. प्रितीकडे त्याने बघितलं नाही, फक्त तिच्या पायांकडे.

"जोड किती?"

"काका, सोडा, ती तिथे आहे!"

"किती?"

"सात."

"बाहेर किती आले?"

मी मनगट ओढत होतो. त्याने बोटाने मोजलं, प्रितीसकट.

"सात. जुळलं," तो म्हणाला. त्याची पकड सुटली नाही. मी हिसका देऊन सुटलो तोवर एक लांब, बिनआवाजाची लाट येऊन गेली होती, आणि तिच्या मागे नुसतं पाणी होतं.

मागे प्रिती वाकून चपला घालत होती. डावी तिने उजव्या पायात सरकवली, उजवी डाव्या पायात, आणि त्या तिला अगदी नीट बसल्या.