रद्द झालेला कागद

मित्रांनो, मी एक जुना करार आहे. शेताचा नव्हे, घराचाही नव्हे. ख्रिस्ती लोकांच्या पवित्र शास्त्राचा पहिला भाग म्हणजे मी, आणि नवा करार हा माझा धाकटा भाऊ. छापखान्यात आम्हा दोघांना एकाच दोऱ्याने शिवलं आणि एकच काळा पुठ्ठा चढवला. मी जाडजूड, तो बारीक. मी येणाऱ्याची वाट पाहत संपतो, तो आलेल्या ख्रिस्ताची गोष्ट सांगतो. त्याचं पहिलंच पान माझ्यातल्या माणसांच्या नावांनी भरलेलं आहे. पण थोरल्याचं कोण ऐकतं म्हणा.

निजामाच्या राज्यात, भालकीजवळच्या मेहकर गावी, इरप्पाच्या घरी आम्ही आलो. इरप्पा बीदरच्या मिशनशाळेत वाचायला शिकलेला. त्याची आई अनसाबाई हिचा जन्म मेंढरं राखण्यात गेलेला, तिला अक्षर येत नव्हतं. रोज सकाळी ती म्हणायची, "इरू, माझं मेंढक्याचं गाणं म्हण." देव हाच आपला मेंढका, तो अंधाऱ्या दरीतही सोबत चालतो, असं सांगणारं ते गाणं माझ्यात होतं. म्हातारी डोळे मिटून ऐकायची आणि मला फार बरं वाटायचं.

घात केला तो माझ्या नावानेच. एकदा चावडीत पटवाऱ्याने कुणाचा तरी नवा करार लिहिला आणि जुना सगळ्यांदेखत फाडला. इरप्पा ते बघून विचार करत घरी आला. त्याने विळा घेतला आणि आमच्यामधला दोरा कापायला बसला.

"कामून फाडायलास रे?" अनसाबाईने विचारलं.

"माय, नवा करार झाला की जुना रद्द. चावडीतबी असंच करतेत."

अनसाबाई आपल्या कामाला लागली. शिकलेल्या लेकापुढे ती काय बोलणार? धाकटा खुंटीवरच्या पिशवीत गेला आणि मी चुलीजवळच्या कोनाड्यात. मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. इरप्पा आता आईला धाकट्यातलं वाचून दाखवायचा. ती ऐकायची, पण गाणं मागायची नाही.

पुढच्या पावसाळ्यात अनसाबाईला तापाने धरलं. एके सकाळी इरप्पाच्या बायकोला, भागम्माला, सासूसाठी आंबील करायची होती. गोवऱ्या ओल्या होत्या, चूल पेटता पेटेना. तिने माझं एक पान ओढलं आणि त्याला काडी लावली. चूल पेटली. अनसाबाईने आंबिलीचे दोन घोट घेतले, तिला जरा हुशारी आली आणि ती म्हणाली, "इरू, आज माझं गाणं म्हण की."

इरप्पाने मला कोनाड्यातून काढलं. पानं पुढे उलटली, मागे उलटली. गाणं नव्हतं.

"पान कुठं गेलं?"

भागम्माने चुलीकडे पाहिलं. "तुमीच म्हणलाव न्हवं, रद्द झालेला कागद हाय म्हणून."

इरप्पाने गाणं आठवून पाहिलं. शेकडो वेळा वाचलं होतं, तरी त्याची गाडी अंधाऱ्या दरीपाशी अडली. मग त्याने घाईघाईने धाकट्यातला, ख्रिस्त स्वतःला चांगला मेंढपाळ म्हणतो तो भाग वाचला. अनसाबाईने शेवटपर्यंत ऐकलं.

"व्हय, ह्यो त्योच हाय," ती म्हणाली. "मी वळखते त्याला. पर दरीच्या फुडं काय हाय, त्ये सांग की." दुपारपर्यंत तिने तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायला ती राहिली नाही.

माती दिल्यावर आठ दिवसांनी इरप्पा धाकट्याला घेऊन बसला. ख्रिस्ताच्या मरणाचा भाग होता. क्रूसावर तो देवाला विचारतो, तू मला का सोडलंस? त्या शब्दांशेजारी समासात बारीक अक्षरांत माझ्यातलं एक ठिकाण छापलेलं होतं. इरप्पाने मला उघडून ते ठिकाण शोधलं. ते त्याच जळलेल्या पानावर होतं, मेंढक्याच्या गाण्याला लागूनच. म्हणजे धाकट्याच्या धन्यानेही मरताना जुनेच शब्द तोंडी घेतले होते. इरप्पा तिथेच बसून रडला. तेव्हा माझा राग गेला.

दुसऱ्या दिवशी त्याने दाभण आणि सुतळी घेऊन आम्हा दोघांना पुन्हा शिवलं. शिवण वेडीवाकडी आहे, पण घट्ट आहे.

मित्रांनो, नवं आलं म्हणून जुन्याला रद्द म्हणू नका. एकदा विचारा, त्यात कुणाचं काही राहिलंय का. इरप्पा आता म्हातारा झालाय. अजून रोज सकाळी तो मला त्या जागी उघडतो, आणि गेलेल्या पानाच्या जागी बोट ठेवून दरीपर्यंतचं गाणं आईला म्हणून दाखवतो.