फकिराने बांधलेली खोली

शेंद्र्याला एकेक कारखाना उभा राहिला तशी मुकुंदवाडीत माणसं लोटली आणि रामकिसनला सुगीचे दिवस आले. वाडवडिलांच्या जागेत त्याने सहा खोल्या काढल्या. एक रिकामी झाली की दारात चार गिऱ्हाईकं, सांगाल ते भाडं द्यायला तयार. मग निवडीची चैन मालकाची. रामकिसन आधी आडनाव विचारी, भाडं मागाहून सांगे.

त्या सकाळी 'खोली भाड्याने देणे आहे' ही पाटी लावून तो चहा पीत बसला, तोच फकिरा गवंडी आला. त्याला आडनाव विचारायची गरज नव्हती. सहाही खोल्या त्याच्याच हातच्या. नव्या स्लॅबला पाणी मारायला तो सुट्टीच्या दिवशीही येई. चहा मात्र त्याला या घरात कायम वेगळ्या पेल्यात मिळाला.

"आण्णा, आमचा मालक चाळ पाडून फ्लॅट बांधतोय. उद्या खोली सोडायची हाय. पोरगी सोनिया दहावीला, शाळा हितंच. तुमची खोली द्या. लोक देतात तेवढंच भाडं देतो."

रामकिसनने आत पाहिलं. दाराआडून त्याच्या बायकोने, चतुराबाईने नकाराची मान हलवली. बाकीचे भाडेकरू उठून गेले तर?

"खोली गेली रे. आत्ताच दिली."

फकिराने पाटीकडे पाहिलं. "बरं," म्हणाला आणि गेला.

दुपारी कंपनीतलं एक जोडपं आलं. आडनाव पसंत पडलं. रामकिसनने सुनेला किल्ली मागितली.

"मामा, खोली तर गेली ना?" मोनिका म्हणाली. "मी पाटी बी काढून ठेवली."

"अगं, ते आपलं सांगायचं म्हणून..."

मोनिका सरळ त्या जोडप्याकडे वळली. "खोली फकिराभाऊंची हाय. तुम्ही दुसरीकडं बघा."

चतुराबाई कडाडली. मोनिकाने मुकाट्याने किल्ली सासऱ्यापुढे ठेवली. रामकिसनला मान वर करवेना. डोक्यावरचा स्लॅबही फकिराचाच होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी किल्ली उचलायला त्याने दुसरा दिवस उजाडू दिला.

फकिराच्या चाळीपुढे टेम्पो उभा होता. पुस्तकांच्या गाठोड्यावर सोनिया बसली होती.

"फकिरा, खोली रिकामी हाय."

"ठाव हाय, आण्णा. काल बी रिकामीच व्हती." फकिराचा आवाज चढला नाही. "करमाडला जागा मिळाली. पोरीच्या शाळंचं बघू काय व्हतंय ते."

रामकिसनने पुढे होऊन खाटेचं एक टोक धरलं. फकिराने ते हळूच सोडवून घेतलं.

"ऱ्हाऊ द्या, आण्णा. घरी वहिनी काय म्हणतील?"