मरीआईच्या जागी

गुरुवार, २२ मे १९९७. सकाळी साडेदहाच्या सुमारास नागापूरच्या कामगार वसाहतीतल्या विहारात राहीबाईंनी नव्या पुस्तिकेचं अकरावं पान मोठ्यानं वाचायला घेतलं आणि दोन ओळींनंतर त्या थांबल्या. समोर बसलेल्या बायकांपैकी दोघी उठल्या. मग आणखी काही उठल्या. बुद्धपौर्णिमेची वंदना नुकतीच संपली होती. खीर वाटायची राहिली होती.

पानावर छापलं होतं:

तथागता तुला दिलं दहीभात नि कोंबडं
हौसा नेलीस माझी, मागं ठेवलंस अंगडं

पुस्तिका चांगुणाबाईंच्या ओव्यांची होती. विहार पत्र्याच्या शेडचा होता तेव्हापासून तिथली वंदना त्याच सांगत आल्या होत्या. त्रिशरण-पंचशील आधी त्या म्हणायच्या, बाकीचे त्यांच्या मागून.

"चांगुणा आत्या, हे काय हो?" राहीबाईंनी विचारलं. "बुद्धाला कोंबडं?"

चांगुणाबाईंना वाचता येत नव्हतं. "कुनाचं हाय ते?"

"तुमचंच की. वर नाव हाय, फोटू हाय."

"पुन्यांदा वाच."

राहीबाईंनी पुन्हा वाचलं. चांगुणाबाईंनी मुलाकडे पाहिलं. महेंद्र विहार कमिटीचा सेक्रेटरी. तो दाराशी खिरीच्या पातेल्याजवळ उभा होता. त्यानं मान खाली घातली.

ही ओवी चांगुणाबाईंची होती, पण ती तथागताला नव्हती. १९५६ च्या उन्हाळ्यात पारनेर तालुक्यातल्या त्यांच्या सासरी पटकीची साथ आली. सासूनं मरीआईला दहीभात ठेवला, कोंबडं कापलं. चांगुणाबाईंची पहिली मुलगी हौसा त्याच आठवड्यात गेली. पुढच्या वर्षी त्यांच्या वस्तीनं धम्म स्वीकारला. सासऱ्यांनी देव्हाऱ्यातले टाक आणि मरीआईचा शेंदूर फासलेला दगड पाटीत भरले आणि ते ओढ्याच्या डोहात सोडायला निघाले. डोहापर्यंत पाटी चांगुणाबाईंच्या डोक्यावर होती. ती मी नेणार, असं त्यांनीच सांगितलं होतं.

त्यानंतर त्यांनी मरीआईला कधी हात जोडले नाहीत. भांडण मात्र सोडलं नाही. पहाटे जात्यावर बसलं की त्या तिला ऐकवायच्या: आज पंचशील घेतलं, आज पोरगा शाळेत गेला, तुझ्यावाचून काय अडलं? तथागतालाही ओव्या होत्या. त्या शांत असत, थोड्या असत. मरीआईच्या ओव्यांत शिव्या असत. नागापूरला आल्यावर जातं गेलं. पण तांदूळ निवडताना, वंदनेहून परत येताना त्यांचं हे चालूच राहिलं. दिवसभरात मनात जे आलं, गेलं, सललं, ते त्या अशा ओवीत बसवत.

महेंद्रची मुलगी प्रज्ञा बी.कॉम.ला होती आणि सावेडीतल्या एका डीटीपी सेंटरमध्ये लग्नपत्रिका, हँडबिलं कंपोज करायची. मालक योगेश रविवारी सेंटर बंद ठेवी, पण किल्ली तिच्याकडे देई. आदल्या दिवाळीनंतर एका रविवारी ती आजीला रिक्षात बसवून तिथे घेऊन गेली. कॉम्प्युटरसमोर दोन खुर्च्या मांडल्या.

"म्हण आजी. मी लिहून घेते."

"एवढी टकटक केलीस तर मला माझंच ऐकू यायचं न्हाई."

"मग हळू म्हण."

"ओवी काय हळू म्हनायची असती व्हय? पाळन्यातलं प्वार हाय का ते?"

पहिल्या दिवशी चार ओव्या झाल्या. पुढच्या रविवारी चांगुणाबाई स्वतःच आधी चपला घालून दारात उभ्या होत्या. आधी मागच्या वाच, असं त्यांनी सांगितलं. जात्यावरची ओवी म्हटली की पिठात जायची. पडद्यावर ती तशीच थांबलेली असे, आणि प्रज्ञा वाचू लागली की चांगुणाबाई परक्या बाईचं ऐकावं तशा ऐकत.

"हे मी म्हनले? तुझ्या आईला एवढं वाईट?"

"तूच म्हणालीस. मागच्या रविवारी."

"पूस ते."

प्रज्ञानं ओळी पुसल्या. चांगुणाबाई मोकळ्या झालेल्या जागेकडे बघत राहिल्या.

"न्हाई, आन परत. राग आलता, तो बी खराच हुता. त्याच्या खाली दुसरी घाल. दुसऱ्या दिशी तिनंच माझे पाय चेपले, ते घाल."

"आईला दाखवू हे?"

"दाखव की. म्हनावं, दोन्ही बाजूंनी मशीनमधी गेलीस."

हिवाळाभर हे चाललं. ही ओळ वर घे, ती खाली घे, ह्या दोघींच्या मधी जागा सोड. जन्मभर एका दमात म्हटलेल्या ओव्या त्या आता थांबून, मागं वळून दुरुस्त करत होत्या. काही नव्या तर फक्त या खुर्चीवर सुचलेल्या होत्या. एका रविवारी हौसाचं अंगडं आठवलं आणि त्या दिवशी एकच ओवी झाली. वाटेत प्रज्ञानं विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "चाळीस वर्सं झाली, हे तोंडातून निघत नव्हतं."

पुस्तिकेची कल्पना महेंद्रची. त्याला आईचा अभिमान होता, आणि बुद्धपौर्णिमेला कमिटीनं काहीतरी छापावं असं ठरलंही होतं. एप्रिलमध्ये त्यानं प्रुफं घरी आणली. जेवण होईपर्यंत तो वाचत होता.

"आई, पानापानावर मरीआई हाय."

"असंल."

"लोक काय म्हणतील? सेक्रेटरीची आई अजून मरीआईला हाका मारती."

"हाका कुटं मारती? भांडती."

"छापल्यावर भांडण कोण बघतं? नाव बघत्यात. कंपनीत आधीच विचारत्यात मला, तुमचे जुने देव काय म्हणत्यात म्हणून. हसत्यात. वाचलं तर काय सांगू त्यांना?"

"त्यांना सांग, माझ्या आईनं पाटीत घालून नेले. तुझा बाप तवा मागं चालत हुता."

महेंद्र हसला नाही. "ती नावं काढू आपण."

"तिला काढल्यावर मी बोलती कुनाशी? तिच्याशी भांडत भांडत मी हितवर आले, महेंद्रा. तसं नको असंल तर छापूच नको. माझं काही म्हननं न्हाई. पोरीच्या मशीनमधी हायेत, तिथं राहू दे."

बघतो, असं महेंद्र म्हणाला. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही, आणि चांगुणाबाई समजून चालल्या की एकतर ओव्या तशाच छापतील, नाहीतर छापणार नाहीत.

पौर्णिमेच्या आधीच्या सोमवारी महेंद्र पहिली पाळी करून थेट सेंटरवर आला. प्रेसवाल्याचा माणूस बाहेर मोटारसायकलवर बसून होता. पानं आज हातात पडली तर गुरुवारी पुस्तिका मिळेल, एरवी नाही, असं त्यानं सांगितलं होतं.

"मरीआईच्या जागी तथागता टाक," महेंद्र प्रज्ञाला म्हणाला.

"पप्पा, आजीनं नको म्हटलंय."

"आजीला मी सांगतो. एकदम बदलता येतं ना?"

"येतं. पण एकेक वाचून बदलावं लागेल. सगळीकडे नाही बसणार."

"तो माणूस उभा हाय बाहेर. तू एकदम बदल, मी वाचतो."

प्रज्ञानं एका रकान्यात एक नाव लिहिलं, दुसऱ्यात दुसरं, आणि 'चेंज ऑल' केलं. पहिलं पान समोर आलं. तिथली पहिली ओवी अशी झाली होती:

तथागता तुला सांगते, पंचशील घेतलं
काळजात दिवा लावला, अंधाराला जितलं

महेंद्रनं ती दोनदा वाचली. "बघ. किती बरं झालं. असंच पाहिजे होतं." दुसरं पान त्यानं वरवर पाहिलं. 'मरीआईला' होतं तिथं 'तथागताला' झालं होतं, व्याकरणातही काही अडलं नाही. बाहेरून हॉर्न वाजला. प्रज्ञानं फाईल त्याच नावानं सेव्ह केली आणि पानं काढून दिली. अकरावं पान दोघांपैकी कोणीही वाचलं नाही.

गुरुवारी विहारात राहीबाईंनी दुसऱ्यांदा वाचून संपवलं, तेव्हा चांगुणाबाई उठून उभ्या राहिल्या. माझी ओवी अशी नाही, असं म्हणून त्यांनी ती म्हणून दाखवली. मरीआई तुला दिलं दहीभात नि कोंबडं. आवाज मोठा होता, शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

"म्हणजे मुळात मरीआईच हाय," मागून कोणीतरी म्हणालं.

"आमच्याकडून वंदना म्हणून घ्यायची आन् घरी जाऊन हे!"

"आवो, भांडती ती तिच्याशी," चांगुणाबाईंच्या सुनेनं सांगायचा प्रयत्न केला.

"भांडायला तरी ती हाय असं मानावं लागतंच ना, वहिनी?"

चांगुणाबाई महेंद्रकडे बघत होत्या. महेंद्रनं माईक हातात घेतला.

"बंधू-भगिनींनो, ही टायपिंगची चूक आहे. मुलीकडून झाली. लहान आहे ती. पुस्तिका परत द्याव्यात."

प्रज्ञा बायकांच्या रांगेत बसली होती. तिच्या शेजारच्या मुलीनं पुस्तिका मिटून तिच्याच मांडीवर ठेवली. पुस्तिका गोळा झाल्या, विहाराच्या लोखंडी कपाटात गेल्या. खीर वाटली गेली. चांगुणाबाईंनी घेतली नाही.

घरी आल्यावर महेंद्र आईला म्हणाला, "चुकलं माझं. पण तू तिथं ती म्हणून दाखवायला नको होतीस. टायपिंगची चूक म्हटल्यावर मिटलं असतं."

"माझं भांडन तू त्येच्या अंगावर घातलंस," चांगुणाबाई म्हणाल्या. "ज्यानं मला कधी काही मागितलं न्हाई, त्येला मी 'माझं लेकरू खाल्लंस' म्हनले. छापून."

पुढच्या दोन रविवारी विहारात वंदना राहीबाईंनी सांगितली.

प्रज्ञानं फाईल उघडून पाहिली. सेव्ह झाल्यामुळे मागं जाता येत नव्हतं. 'तथागता'च्या जागी पुन्हा 'मरीआई' करणं सोपं होतं. पण मग चांगुणाबाईंनी खरोखरच तथागताला म्हटलेल्या ओव्याही मरीआईला गेल्या असत्या. हे तिच्या लक्षात आलं तेव्हा बोट कळीवर होतं. तिनं ते काढलं. योगेशला विचारलं, जुनी प्रत कुठे असेल का? तो म्हणाला, "फ्लॉपीवर घ्यायला मी तुला शिकवलं होतं की नाही?" तिनं एकदा घेतली होती. ती फ्लॉपी वाचली जात नव्हती, आणि एप्रिलची प्रुफं रद्दीत गेली होती.

जूनच्या दुसऱ्या रविवारी तिनं आजीला पुन्हा सेंटरवर नेलं. ती एकेक ओवी वाचणार, आजी नाव सांगणार, असं ठरलं. सुरुवातीला भराभर झालं. "ही तिची. ही बी तिची. ही त्येची. ही तिची, तिला सोडून कुनाला एवढं बोलीन?" डोहाची ओवी आली, अंगड्याची आली. दोन्हींत मरीआई परत आली. मग प्रज्ञानं वाचलं:

तथागता, किती दिस असं तोंड मी झाकू
तुझ्याबिगर दुसरं दार कुनाचं ठोकू

चांगुणाबाई पडद्याकडे वाकल्या.

"आजी? कोणाला आहे ही?"

"परत वाच."

तिनं वाचलं. मग तथागताच्या जागी मरीआई घालून वाचलं. चांगुणाबाईंनी डोळे मिटून दोन्ही ऐकलं.

"म्हनले तवा ठाऊक हुतं," त्या म्हणाल्या. "आता दोन्ही खरं वाटतंय."

"मग काय लिहू?"

"काही लिहू नको. जागा सोड."

अशा ओव्या आणखी निघाल्या. काहींवर चांगुणाबाई चिडल्या, ही आता कुणाचीच नाही, पूस म्हणाल्या. प्रज्ञानं एकही पुसली नाही, नुसती नावाची जागा मोकळी सोडली. परतताना रिक्षात चांगुणाबाईंनी विचारलं, "तुझ्या बापानं सांगितलं तवा तू न्हाई म्हनलीस का?"

"म्हटलं. मग केलं."

"हं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्याच आठवड्यात कमिटीची बैठक झाली. चांगुणाबाईंचं वय, त्यांचं काम सगळ्यांनी मान्य केलं. पण वसाहतीत चर्चा थांबत नाही, म्हणून त्यांनी येत्या रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून धम्म स्वीकारताना घेतात त्या बावीस प्रतिज्ञा पुन्हा घ्याव्यात, त्यानंतर वंदना पूर्वीसारखी त्यांनीच सांगावी, असं ठरलं. महेंद्र बैठकीला होता. विरोध कोणी केला नाही.

घरी त्यानं हे बायकोला सांगितलं. चांगुणाबाईंनी आतून ऐकलं.

"एकदा घेतल्यात मी," त्या म्हणाल्या. "डोक्यावर पाटी हुती तवा. त्यात काय खोट निघाली?"

महेंद्र उठून बाहेर गेला. तांदूळ निवडायचे होते, ते चांगुणाबाईंनी निवडले. सूनबाईंच्या सांगण्यानुसार पौर्णिमेपासून त्यांच्या तोंडून घरात ओवी ऐकू आलेली नाही, मरीआईला नाही आणि तथागतालाही नाही.

शनिवारी संध्याकाळी महेंद्रनं अध्यक्षांच्या घरी जाऊन कळवलं, की आई उद्या येईल आणि प्रतिज्ञा घेईल. चांगुणाबाईंना हे अजून कोणी सांगितलेलं नाही.